एक्समस, नाताळ आणि ‘ख्रि’
एका ग्रीक अक्षराचा मागोवा

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या धर्मग्रामांतून एक जुना वाद नव्याने डोके वर काढतो. तरुण मंडळी चांदण्या, कमानी आणि शुभेच्छाफलक रंगवू लागतात. त्यांवर इंग्रजीत ‘ख्रिसमस’ हा शब्द पूर्ण न लिहिता आरंभी फुलीसारखे एक अक्षर आणि त्यापुढे ‘मस’ एवढेच लिहिलेले असते. कोणी तेच देवनागरीत उतरवून ‘एक्समस’ असे लिहितो. ते पाहून वडीलधारी माणसे व्यथित होतात. ज्याचा जन्मोत्सव, त्याचेच नाव खोडून त्या जागी फुली मारली, असा आरोप होतो. तरुण म्हणतात, फलकावर जागा कमी होती, सारे जग असेच लिहिते, त्यात एवढे मनावर घेण्यासारखे काय? वाद वाढतो, क्वचित घराघरांत अबोला धरला जातो आणि नाताळ उलटला की पुढल्या वर्षापर्यंत सारे निवते.

प्रस्तुत लेखात आम्ही या एका शब्दरूपाची समीक्षा करू इच्छितो. एखादी कविता तपासताना आपण शब्द कोठून आला, तो तेथे कोणते काम करतो आणि ज्या ठिकाणी ठेवला आहे तेथे तो शोभतो काय, असे तीन प्रश्न विचारतो. तेच तीन प्रश्न येथे विचारावयाचे आहेत. एका अक्षरासाठी एवढा प्रपंच कशाला, असे कोणी म्हणेल. पण आरोप साधा नाही. आपल्याच मुलांवर आपण ख्रिस्ताचे नाव पुसल्याचा ठपका ठेवतो, तेव्हा तो ठपका खरा आहे की नाही हे पाहणे आपले कर्तव्य ठरते.

आणखीही एक कारण आहे. वसईच्या एखाद्या धर्मग्रामात नाताळचा फलक मुख्यत्वे आपलीच माणसे वाचतात. सांगली-साताऱ्याच्या खेड्यांत तसे नाही. शिराळ्यासारख्या गावात ख्रिस्ती घरे विरळ. तेथे दारावर लावलेला फलक वाचणारा बहुधा आपला शेजारी असतो, आणि त्याच्या लेखी तोच आपला सुवार्तेचा पहिला, कदाचित एकुलता एक परिच्छेद असतो. त्यात काय लिहिले आहे यापेक्षाही त्याला काय वाचता येईल, हा प्रश्न मोठा आहे.

एक आकृती, अनेक वाचने

दोन तिरप्या रेघा एकमेकींना मध्यावर छेदतात, एवढीच ती आकृती. शाळेत मास्तरांनी वहीवर काढली तर ती ‘चूक’ ठरते. बीजगणिताच्या तासाला तीच अज्ञात संख्या होते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६३७ साली आपल्या भूमितीच्या ग्रंथात अज्ञातासाठी ती वापरली आणि तो संकेत जगभर रुजला. पुढे १८९५ साली राँटगेन यांना एक अनोळखी किरण सापडला. त्याचे स्वरूप कळेना म्हणून त्यांनीही त्याला याच अज्ञाताच्या अक्षराचे नाव दिले. मराठीने त्याचे भाषांतर किती मार्मिक केले पाहा. आपण ‘क्ष-किरण’ म्हणतो, कारण आपल्या बीजगणितात अज्ञाताचे अक्षर ‘क्ष’ आहे. येथे मराठीने आकृती उसनी घेतली नाही, तिचा अर्थ घेतला. हा दाखला पुढे कामी येणार आहे.

रोमन अंकांत हीच आकृती दहा होते. चर्चच्या जुन्या घड्याळात ती दिसते, पोपमहोदयांच्या नावापुढे दिसते. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांचा अंक रोमन पद्धतीने लिहिताना दहाची फुली आधी येते आणि चार मागून येतात. लहान मुलांना कोवळ्या वयात पहिला ख्रिस्तप्रसाद मिळावा असे १९१० साली ज्यांनी ठरवून दिले, त्या संत पायस दहावे यांच्या नावापुढे तर ती एकटीच उभी असते. तेथे कोणी पोपमहोदयांवर फुली मारली असे म्हणत नाही. संत आंद्रे ज्या तिरप्या क्रुसावर मरण पावले अशी परंपरा आहे, त्या क्रुसाला लॅटिन भाषेत दहाच्या अंकावरूनच नाव मिळाले आहे.

दहाच्या आकड्याची गोष्ट निघाली की शिराळ्याचा माणूस हसेल. नागपंचमीसाठी हे गाव साऱ्या देशात ओळखले जाते. नागाच्या फण्यावर ‘दहाचा आकडा’ असतो, असे महाराष्ट्रात लहान मूलही सांगते. फण्यावरच्या त्याच खुणेत इंग्रजांना चष्मा दिसला आणि त्यांनी त्या नागाचे नावच ‘चष्मेवाला’ असे ठेवले. खूण तीच, फणाही तोच. एकाने त्यात अंक वाचला, दुसऱ्याने उपकरण वाचले. निसर्गाने तेथे काहीच लिहिलेले नाही, वाचन आपले आहे. खुणेला अर्थ देतो तो वाचणारा समाज, ही गोष्ट शिराळ्याच्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही.

तेव्हा फलकावरची ती फुली कोणी वाचावी आणि कशी वाचावी, हा खरा मुद्दा आहे. चूक म्हणून वाचली तर ती अवमान करते, अज्ञात म्हणून वाचली तर ख्रिस्ताला अनामिक करते. पण या सर्व वाचनांहून जुने असे आणखी एक वाचन आहे, ते ग्रीक वाचन.

ग्रीकांचे ‘खी’

ग्रीक वर्णमालेतील बाविसावे अक्षर याच आकृतीचे आहे. त्याचे नाव ‘खी’. इंग्रज त्याचा उच्चार ‘काय’ असा करतात. संख्याशास्त्र शिकणारी आमची मुले ‘काय-स्क्वेअर’ कसोटी म्हणतात, तेथे हेच अक्षर असते. मराठी कानाला त्या ‘काय’मध्ये प्रश्नचिन्ह ऐकू येते, हा भाषेचा गमतीदार योगायोग.

प्राचीन ग्रीसमध्ये सर्वत्र एकच वर्णमाला नव्हती. पूर्वेकडील आयोनियन ग्रीक या आकृतीचा उच्चार ‘ख’ असा करीत, तर पश्चिमेकडील काही ग्रीक वसाहतींत तिचाच उच्चार ‘क्स’ असा होई. इटलीत नेपल्सजवळ कुमे येथे वसलेल्या ग्रीकांकडून एट्रुस्कन लोकांनी आणि त्यांच्याकडून रोमनांनी लिपी घेतली. म्हणून लॅटिन व इंग्रजी भाषांत ही आकृती ‘क्स’ झाली. अथेन्सने मात्र इ. स. पू. ४०३ च्या सुमारास आयोनियन वर्णमाला अधिकृत केली, तीच पुढे सर्व ग्रीकांची झाली आणि तिच्यातच नवा करार लिहिला गेला. तात्पर्य, इंग्रजांचा ‘एक्स’ आणि ग्रीकांचा ‘खी’ ही दिसायला जुळी भावंडे असली तरी त्यांचा आवाज अगदी वेगळा आहे. आमच्या सगळ्या वादाचे मूळ या जुळेपणात आहे. फलकावर डोळ्यांना दिसतो तो खी, आणि तोंडातून निघतो तो एक्स.

ख्रिस्त हे नाव ग्रीक भाषेत खी या अक्षराने सुरू होते. त्याचा अर्थ ‘अभिषिक्त’, म्हणजे ज्याला तेलाने अभिषेक झाला आहे तो. हिब्रू ‘मसीहा’ या शब्दाचे ते भाषांतर आहे. बाप्तिस्मा आणि दृढीकरण या संस्कारांत आपल्याला जे सुगंधी पवित्र तेल लावले जाते आणि जे पवित्र सप्ताहातील मिस्साबलिदानात बिशप सिद्ध करतात, त्या ‘क्रिझम’ तेलाचे नावही त्याच धातूपासून आले आहे आणि त्याच अक्षराने सुरू होते. प्रेषितांच्या कृत्यांत म्हटले आहे की शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्याने अंत्युखियात मिळाले. तेही याच अक्षराने आरंभ होणारे. म्हणजे प्रभूचे नाव, आपले नाव आणि ज्या तेलाने आपण त्याचे झालो त्या तेलाचे नाव, या तिहींच्या दारात हे एकच अक्षर उभे आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती लेखनिकांनी नव्या कराराच्या प्रती लिहिताना ‘येशू’, ‘ख्रिस्त’, ‘देव’, ‘प्रभू’ असे शब्द पूर्ण न लिहिता त्यांची मोजकीच अक्षरे लिहून वर आडवी रेघ देण्याची पद्धत पाडली. अगदी जुन्या पपायरसांवरही ती आढळते. कागद वाचवण्यासाठी हे केले असे म्हणता येत नाही, कारण तेच लेखनिक इतर लांबलचक शब्द पूर्ण लिहितात. ही आदराची खूण होती. नाव जवळचे आणि पवित्र, म्हणून ते वेगळे दिसावे. ज्याला आज आपण अनादर समजतो, त्या संक्षेपाचा जन्म आदरातून झाला आहे.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन यांनी आपल्या धर्मसमर्थनात एक विलक्षण वाचन केले. प्लेटोने ‘तिमायोस’ या संवादात विश्वात्म्याच्या दोन पट्ट्या खी या अक्षरासारख्या एकमेकींवर तिरप्या जोडल्या, असे वर्णन केले आहे. जस्टिन यांनी त्यात क्रुसाची पूर्वछाया पाहिली. प्लेटोला ते अभिप्रेत होते काय, असा प्रश्न समीक्षक विचारील, आणि उत्तर बहुधा नकारार्थी येईल. पण आपल्या समाजाला ओळखीच्या खुणेत नवा अर्थ वाचावयास शिकवणे हे जस्टिन यांचे खरे काम होते, आणि ते त्यांनी चोख केले.

इ. स. ३१२ मध्ये मिल्वियन पुलाच्या लढाईपूर्वी सम्राट कॉन्स्टंटाइन याने ख्रिस्ताचे चिन्ह धारण केल्याची हकीगत लॅक्टान्शियस आणि युसेबियस या दोघांनी, तपशिलात थोड्या फरकाने, नोंदवली आहे. त्यानंतर खी आणि त्यापुढचे ‘ऱ्हो’ ही दोन अक्षरे एकमेकांत गुंफून केलेले चिन्ह सर्वत्र पसरले. फुलीच्या मध्यातून वर जाणारा एक दंड आणि त्याच्या माथ्याला अर्धगोल, असे ते चिन्ह आपण वेदीच्या वस्त्रावर किंवा याजकांच्या झग्यावर आजही पाहतो. मौजेची गोष्ट अशी की, त्यापूर्वीच्या ग्रीक वाचकांतही पोथीच्या समासात हीच दोन अक्षरे जोडून लिहिण्याची चाल होती. तेथे त्यांचा अर्थ ‘ख्रेस्तोस’, म्हणजे ‘चांगले, उपयुक्त’ असा होता. चांगल्या मजकुराजवळ काढावयाची ती समीक्षकाची खूण होती.

या ‘ख्रेस्तोस’ शब्दाने आणखी एक गोंधळ उडवला. रोमन लोक अनेकदा ‘ख्रिस्ती’ऐवजी ‘ख्रेस्ती’ असे चुकीचे म्हणत. इ. स. १९७ च्या सुमारास तेर्तुल्लियान याने आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. त्याचे उत्तर आम्हांस फार आवडते. तो म्हणतो त्याचा आशय असा की, तुम्हांला आमचे नाव धड उच्चारता येत नाही, पण तुमच्या चुकीच्या उच्चारातूनही गोडवा आणि भलेपणा हाच अर्थ निघतो. नावाच्या चुकीच्या वाचनाला उत्तर कसे द्यावे, याचा हा धडा आहे. तो चिडला नाही, त्याने अर्थ समजावून दिला.

खी इंग्रजीत कसे आले

लॅटिन भाषेत लिहिणाऱ्या मठवासी लेखनिकांनीही ख्रिस्ताचे नाव ग्रीक अक्षरांच्या रूपातच थोडक्यात लिहिण्याची चाल चालू ठेवली. याचा सर्वांत देखणा पुरावा आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. इ. स. ८०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘केल्सचा ग्रंथ’ या हस्तलिखित शुभवर्तमानात मत्तयाच्या पहिल्या अध्यायात एक संपूर्ण पान केवळ तीन अक्षरांना वाहिलेले आहे. खी, ऱ्हो आणि इओटा. वंशावळ संपून येशूच्या जन्माची कथा जेथे सुरू होते, नेमक्या त्या ठिकाणी ते पान येते. खीचा एक बाहू पानभर झेपावतो, त्याच्या पोटात वर्तुळे, वेलबुट्टी, देवदूत, मांजरे आणि उंदीरही रंगवले आहेत. ख्रिस्तजन्माच्या ओळीवर खी लिहिण्यात त्या मठवाशांना अनादर वाटला नाही. त्यांनी डोळ्यांची ज्योत खर्ची घालून त्या अक्षराची आराधना केली.

इंग्रज लेखनिकांनी ही चाल आपल्या भाषेत आणली. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या इतिवृत्तात इ. स. ११०० च्या सुमारास ख्रिसमससाठी खी-ऱ्हो वापरून केलेले रूप आढळते. सोळाव्या शतकातील इंग्रजी पत्रव्यवहारात केवळ खी ठेवलेली रूपे दिसू लागतात, आणि पुढे कोलरिज व बायरन यांसारख्या कवींनीही आजचे छोटे रूप निःसंकोच वापरले. म्हणजे आधुनिक दुकानदारांनी किंवा नास्तिकांनी हे अक्षर आणले, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. ती फुली ख्रिस्ताचे नाव खोडत नाही. ती त्याच्या नावाचे पहिले अक्षर आहे. आमच्या तरुणांवरचा आरोप येथे निकालात निघतो.

मग दोष कोठे

दुसरा प्रश्न असा की, आज हे अक्षर कोणते काम करते. येथे मात्र तरुणांची बाजू लंगडी पडते. ज्या लेखनिकांना खी ठाऊक होते, ते त्या अक्षराकडे पाहून मनात ‘ख्रिस्त’ असेच वाचीत. इंग्रजीतही जाणकार लिहिताना छोटे रूप लिहितो आणि वाचताना ‘ख्रिसमस’च म्हणतो. पण आज बहुतेकांच्या तोंडी ते ‘एक्समस’ झाले आहे. ग्रीक अक्षर गेले, त्याचा लॅटिन जुळा त्याच्या आसनावर येऊन बसला. आपल्याकडे तर त्या अक्षरानंतर वर स्वल्पविराम लटकवण्याची खास पद्धत आहे. काहीतरी गाळले आहे अशी ती कबुली. जे पूर्ण होते त्यावर अपूर्णतेचा शिक्का आपणच मारतो.

विख्यात लेखक सी. एस. लुईस यांनी १९५४ साली हेरोडोटसच्या थाटात एक उपरोधिक लेख लिहिला होता. एका काल्पनिक बेटावर एकाच वेळी दोन निरनिराळे सण साजरे होतात, असे त्यात दाखवले आहे. ‘एक्समस’ हा भेटवस्तू, शुभेच्छापत्रे आणि थकवा यांचा सण, तर ‘क्रिसमस’ हा थोड्या लोकांचा आराधनेचा सण. लुईस यांचा बाण अक्षरावर नव्हता, सणातल्या पोकळपणावर होता. आम्हांस वाटते, आपल्या वडीलधाऱ्यांनाही जे बोचते ते हेच असावे. रोषणाई आहे, ध्वनिक्षेपक आहे, आणि मध्यरात्रीच्या मिस्साला बाके रिकामी आहेत. राग त्या रिकामेपणाचा, पण तो निघतो बिचाऱ्या फुलीवर. फुली पुसून ‘ख्रिसमस’ पूर्ण लिहिले म्हणून बाके भरत नाहीत.

तिसरा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. हे रूप मराठीत शोभते काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण भक्तीपेक्षा भाषेत आहे. देवनागरीत ‘एक्समस’ असे लिहिले की खीची आकृतीही जाते आणि आवाजही जातो. उरतो तो एका इंग्रजी अक्षराच्या नावाचा उच्चार, ज्याचा ख्रिस्ताशी काडीचाही संबंध नाही. हे लिप्यंतर म्हणता येत नाही आणि भाषांतरही म्हणता येत नाही. ‘क्ष-किरणां’च्या वेळी मराठीने अर्थ ओळखून आपले अक्षर दिले. येथे तो विवेक आपण गमावला. शिराळ्यातला शेजारी ‘एक्समस’ वाचून काय समजेल? फार तर मोठ्या शहरातली काही मजा. त्याच्याच बोलीत ‘नाताळ’ हा शब्द आहे, दिनदर्शिकेत आहे, शाळेच्या सुट्टीच्या सूचनेत आहे. पोर्तुगिजांकडून आलेला आणि मुळात लॅटिन असलेला तो शब्द ‘जन्म’ असेच सांगतो. चार शतके मराठी मातीत राहून तो इतका मुरला आहे की तो परका होता हे कोणाला आठवतही नाही.

आपल्या घरातले खी

येथवरचा विवेचनाचा ओघ पाहता, खी हे अक्षर आपले नव्हे, ते ग्रीकांना आणि इंग्रजांना लखलाभ असो, असा निष्कर्ष कोणी काढील. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. ते अक्षर आपल्या घरात केव्हाच येऊन राहिले आहे, आपण त्याला ओळखले नाही एवढेच.

खीचा जुना ग्रीक उच्चार म्हणजे ‘क’ला जोडून आलेला श्वास. व्याकरणाच्या भाषेत महाप्राण. रोमनांच्या लिपीत असा वर्ण नव्हता, म्हणून त्यांनी ‘क’ आणि ‘ह’ यांची दोन अक्षरे शेजारी ठेवून काम भागवले. इंग्रजीतील ‘ख्राइस्ट’ शब्दाच्या आरंभीची ती दोन अक्षरे, ज्यांतील दुसऱ्याचा आता आवाजही येत नाही, ती या तडजोडीचा अवशेष आहेत. देवनागरीला तडजोड करावी लागली नाही. तिच्याकडे त्याच आवाजाचे स्वतंत्र अक्षर आधीच सिद्ध होते, ते म्हणजे ‘ख’. ख्रिस्त हे नाव मराठीत ‘ख’ने लिहिताना आपण खीच लिहीत असतो.

आता ‘ख्रि’ हे जोडाक्षर सुटे करून पाहा. ख, र आणि इ. म्हणजे खी, ऱ्हो आणि इओटा. केल्सच्या ग्रंथात ख्रिस्तजन्माच्या ओळीवर ज्या तीन अक्षरांसाठी सबंध पान खर्ची पडले, ती तिन्ही आपल्या लिपीत एका जोडाक्षरात, एका शिरोरेघेखाली, एकमेकांत गुंफून बसली आहेत. ग्रीक चिन्ह करण्यासाठी चित्रकार लागतो, आपल्याकडे पहिलीतले मूल ते पाटीवर काढते. पूर्वीच्या मराठी भाषांतरकारांनी हा हिशोब मनाशी मांडला होता असा आमचा दावा नाही. अक्षरांचा हिशोब मात्र चोख जुळतो. ‘ख्रिश्चन’ म्हणणारा आणि ‘ख्रिस्तपूर्व’ असे इतिहासाच्या पुस्तकात लिहिणारा प्रत्येक मराठी माणूस, त्याचा धर्म कोणताही असो, नकळत तेच चिन्ह काढीत असतो.

येथे एक आक्षेप येईल. आपल्या जुन्या कॅथलिक परंपरेत ‘क्रिस्त’, ‘किरिस्ताव’ असे ‘क’चे उच्चार आहेत. ‘ख्रिस्त’ हे रूप एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनांच्या छापखान्यांतून पसरले, ते आपले कसे? आक्षेपात तथ्य आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातले. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे पुराण छापले गेले. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावे लागले. पोर्तुगीज उच्चारात प्रभूचे नाव ‘क’ने होते. म्हणून त्या ग्रंथाचे नाव आजही कोणी ‘क्रिस्तपुराण’ तर कोणी ‘ख्रिस्तपुराण’ असे देवनागरीत लिहितात. उलटपक्षी नारायण वामन टिळक, ज्यांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यांनी आरंभलेल्या आणि पुढे लक्ष्मीबाईंनी तडीस नेलेल्या महाकाव्याचे नाव ‘ख्रिस्तायन’ असे ‘ख’नेच आहे.

आमच्या मते या दोन रूपांत भांडण लावण्याचे कारण नाही. ‘क्रि’मध्ये नाव ज्या वाटेने आमच्या पूर्वजांकडे आले ती रोमची आणि लिस्बनची वाट दिसते. ‘ख्रि’मध्ये ते जेथून निघाले तो ग्रीक उगम दिसतो. आजीच्या तोंडचे ‘किरिस्ताव’ पुसण्याचा हट्ट कोणी धरू नये. पण लिहिताना ‘ख्रिस्त’ लिहावे, आणि ते उसने किंवा परपंथाचे आहे असा संकोच मनात ठेवू नये. ते अक्षर सर्व पंथांच्या फाटाफुटीहून कितीतरी जुने आहे.

शिकवणे आणि लिहिणे

खीची जी गत झाली, तीच इतर ग्रीक अक्षरांची होऊ पाहते. दरवर्षी पुनरुत्थानाच्या जागरणविधीत पास्काच्या मेणबत्तीवर धर्मगुरू क्रूस कोरतात, वर अल्फा आणि खाली ओमेगा लिहितात, चार कोनांत चालू वर्षाचे अंक लिहितात. प्रकटीकरणाच्या पुस्तकातून ती अक्षरे आली. आरंभ आणि शेवट तोच, असा त्यांचा आशय. मराठी वर्णमालेत शिकलेल्या मुलाला ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत असे सांगितले तर ते क्षणात समजेल, आणि शेवटचे अक्षर ज्ञानाचे आहे याचा आनंदही त्याला होईल. जुन्या गोव्यातील बॉम जेजूसच्या दर्शनी भिंतीवर आणि आपल्या कितीतरी वेद्यांवर जी तीन रोमन अक्षरे कोरलेली दिसतात, ती मुळात ‘येशू’ या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. मधले अक्षर इंग्रजीतला ‘एच’ नसून ग्रीक ‘ईटा’ आहे. हे न कळल्यामुळे लोकांनी त्या तीन अक्षरांची लॅटिन आणि इंग्रजी वाक्ये बनवली. ती वाक्ये भाविक आहेत, पण नाव त्यांच्याआड झाकले गेले.

विधीतील, वेदीवरील आणि वस्त्रांवरील ग्रीक अक्षरे जेथे आहेत तेथे राहावीत, मात्र धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांचा अर्थ सांगितला जावा. अर्थ न सांगता ठेवलेले पवित्र चिन्ह काही पिढ्यांत नुसती नक्षी होते. इंग्रजीत लिहिताना कोणी छोटे रूप वापरले तर त्याला रागे भरू नये. त्याला तेर्तुल्लियानसारखा अर्थ समजावून द्यावा, आणि वाचताना पूर्ण नाव उच्चारावयास सांगावे. मराठीत लिहिताना ‘एक्समस’ सोडून द्यावे. सणासाठी ‘नाताळ’ आहे, ‘ख्रिस्तजयंती’ आहे, आणि फलकावर जागा फारच कमी असेल तर एकटे ‘ख्रि’ पुरेसे आहे.

ते ‘ख्रि’ मुलांनी हवे तितके सजवावे. केल्सच्या मठवाशांनी त्यात मांजरे आणि उंदीर रंगवले. आमच्या मुलांनी मोरणेचे पाणी, उसाचे फड, गोठ्यातली म्हैस रंगवावी. शेजाऱ्याने दारात थांबून हे काय आहे असे विचारले, तर सांगता आले पाहिजे की हे आमच्या प्रभूच्या नावाचे पहिले अक्षर, आणि आमच्याही नावाचे. एवढे सांगता येणारे एक मूल प्रत्येक घरात तयार झाले, तर हा दरवर्षीचा वाद आपोआप मिटेल.